तिसऱ्या लाथेचं दार

सहदेव परब अंधेरीच्या एका स्टुडिओत सुतार होता. बंगले, तुरुंग, देवळं, सगळं बांधायचा. शूटिंग संपलं की पंधरा दिवसांत ते सगळं मोडून टाकायचे. तीस वर्षं राबला, पण स्वतःच्या घराचं दार सोडलं तर दाखवायला एकही वस्तू उभी नव्हती. म्हणून १९८७ साली घाटकोपरच्या आमच्या चाळीनं बावीस खोल्यांची सडकी दारं बदलायचं ठरवलं, तेव्हा त्याला ते काम हवंच होतं. मी त्याचा शेजारी, निवृत्त गवंडी. मला म्हणाला, "बावीस दारां तरी माझ्या मागे रवतली."

कमिटीचा सेक्रेटरी कुंडलिक वाघमारे. त्यानं जवळपास हो म्हटलं होतं. तेवढ्यात सिनेमा आडवा आला.

मे महिन्यातला रविवार, दुपारची वेळ. चाळीनं भाड्यानं व्हिडिओ आणला होता. सिनेमा सहदेवनंच सुचवलेला, त्याच्या स्टुडिओतला. नवरा टूरवर, बाई बंगल्यात एकटी, तीन गुंड घरात घुसतात. म्होरक्या दाराला लाथा घालतो. एक, दोन, तीन. दार आडवं.

"हे दार मी केलंय!" सहदेव मोठ्यानं म्हणाला.

गप्प बसला असता तर निभावलं असतं.

कुंडलिकनं कॅसेट मागे घेतली. पडलेलं दार उठून उभं राहिलं. पुन्हा तीन लाथा, पुन्हा आडवं. असं सात वेळा पाडलं. लोक हसून लोळले.

"काय रे सहदेव, आमचीपण अशीच करणार काय?"

"अरे, ते मोडायसाठीच केलेलं!"

"ते दिसतंय ना."

सहदेव समजावत राहिला. डायरेक्टरला पहिल्या लाथेला नुसता आवाज हवा होता, दुसरीला चीर, आणि तिसरीला दार पडायला हवं होतं. आधी नाही, नंतर नाही. फळ्यांना मागून करवतीचे अर्धे काप, कापात मेण, वर रंग. शूटिंगला सहा दारं लागली आणि सहाही तिसऱ्याच लाथेला पडली. मजबूत दार तो दोन दिवसांत करायचा. या सहांना तीन आठवडे लागले होते. मला ते पटलं. बाकी कोणी ऐकेना.

सिनेमा संपला आणि गॅलरीत वाद सुरू झाला.

"एकदम बंडल," कुंडलिक म्हणाला. "फोन समोर आहे, तर बाई जिन्यावर पळते."

त्याची बायको मालन म्हणाली, "वरवंटा हाताशी होता. तो सोडून फुलदाणी फेकली मेलीनं. आणि एवढी किंचाळली, तर एक शेजारी येत नाही? आपल्याकडे शिंकलं तरी चार घरं विचारतात."

सहदेवनंही एक चूक काढली. "दार बाहेरून दाखवलां तेव्हा बिजागरी डावीकडे, आतून दाखवलां तेव्हाही डावीकडे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

चुका मीही मोजल्या, बारा भरल्या. पण म्होरक्या लाथा घालत असताना हीच मालन माझ्या बायकोचा दंड धरून बसली होती, आणि कुंडलिकच्या हातातली विडी नुसतीच जळत होती. चुका वरच्या गिलाव्याच्या होत्या, आतली भिंत ओळंब्यात सरळ होती. मी सिनेमाला पास केलं.

कुंडलिकनं सहदेवला नापास केलं. "कमिटी दुसरा सुतार बघेल."

सहदेवचा चेहरा उतरला. मग एकदम आवाज चढला. "चल माझ्या घरी. ते दार मीच केलंय. आतून कडी लावतो. तीन लाथा मार. पडलं तर काम सोडलं."

"आणि माका कोणी इचारलां?" त्याची बायको जानकी म्हणाली. पण कडी लावायला तीच आत गेली आणि मागे मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

पहिल्या लाथेला दार नुसतं दणाणलं. दुसऱ्या लाथेला कुंडलिक "आई गं" म्हणाला. तिसऱ्या वेळी तो गॅलरीच्या कठड्यापासून धावत आला.

धाडकन आवाज झाला. चौकटीसकट दार आत पडलं, वर कुंडलिक पालथा. सगळीकडे धूळ.

"पडलं!" तो तिथूनच ओरडला.

"दार पडलं की भिंत?" सहदेव मागे सरायला तयार नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मी कुंडलिकला उठवलं आणि खाली बसून तपासलं. एकही सांधा हलला नव्हता. कडी लागलेलीच होती. चौकटीचा काटकोन जसाच्या तसा. भिंतीत मात्र चुना नावाला, बाकी सगळी माती. ती भिंत मी बांधलेली नव्हे, हे इथे लिहून ठेवतो.

"दार पास," मी म्हटलं. "भिंत नापास."

"मग त्या गुंडांनी भिंतीलाच लाथ का नाही मारली?" मालननं विचारलं.

जानकी धुळीतून पुढे आली. "भिंतीचां मागाहून बघा. आता आत इलास तर चाय घेऊन जावा. दार वाजवूक नको."

चहावरच कमिटी भरली. बावीस दारं सहदेवला. त्याआधी चौकटींच्या कडेची भिंत सिमेंटनं पक्की करायची. ते काम, मी निवृत्त असूनही, माझ्या गळ्यात आलं.

कुंडलिक लंगडत उठला. "माझं दार पहिलं कर हां."

"तुझं शेवटी," सहदेव म्हणाला. "पायाची सूज उतरू दे. मग तपासून घे."