माएस्त्रो, पपा आणि ग्रिफिथची पायपेटी

ग्रिफिथला जायचंय म्हटल्यावर हॉस्पिटलमधल्या मैत्रिणीने विचारलं, "तिथे काय आहे?" मी म्हटलं, "संत्री आहेत, वाइन आहे, आणि या रविवारी आम्ही आहोत."

आम्ही म्हणजे वॉलॉंगॉंगचा आमचा कम्युनिटी क्वायर. दर मंगळवारी संध्याकाळी शिफ्ट संपवून मी तिथे आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज, गाते. बाकी आठवडाभर सोनोग्राफर असते, लोकांच्या पोटात काय चाललंय ते बघते. क्वायर चालवते लुईझा. ती हायस्कूलमध्ये म्युझिक शिकवते आणि ग्रिफिथजवळच्या संत्र्याच्या मळ्यात वाढली आहे. यंदाचा सगळा प्रोग्रॅम एकाच संगीतकाराचा होता. एकोणिसाव्या शतकातला इटालियन, ऑपेरा लिहिणारा. लुईझा त्याला कधी नावाने बोलवत नाही, नुसतं 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद, म्हणते, जणू शेजारीच राहतो. आम्हालाही तीच सवय लागली, म्हणून इथेही तेच लिहिते. तिचा हट्ट होता की हे कोरस एकदा तिच्या कार्लोकाकांच्या पॅकिंग शेडमध्ये गायचे, त्या म्हाताऱ्या इटालियन शेतकऱ्यांसमोर.

नवऱ्याचं काम होतं, लेकीची, अ‍ॅनाची, परीक्षा होती. उरले माझे पपा. वसईहून तीन महिन्यांसाठी आलेले. पपांनी उभं आयुष्य गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, क्वायर शिकवला. आई गेली त्या वर्षी त्यांनी ऑर्गनची किल्ली फादरांना परत दिली आणि पुन्हा कुठल्याच पट्टीला बोट लावलं नाही. इथे आल्यापासून ते माझ्याबरोबर प्रॅक्टिसला यायचे, मागच्या खुर्चीवर बसायचे, गप्प. एकदाच परतताना गाडीत पुरुषांच्या उंच आवाजांबद्दल म्हणाले, "तुमचे टेनर खाली घसरतात." बस.

"पपा, ग्रिफिथला येता का? लांब आहे, सहा-सात तास."

"एकटा बसून काय करू? चल."

शनिवारी सकाळी निघालो. वॉलॉंगॉंगहून जाणाऱ्यांसाठी सांगते: घाई असेल तर पिक्टन रोड घ्या, डोळे सुखवायचे असतील तर मॅक्वारी पास. आम्ही पासने गेलो. वळणं इतकी अरुंद आहेत की समोरून ट्रक आला की श्वास रोखावा लागतो, पण दोन्ही बाजूंना गच्च रेनफॉरेस्ट आहे. वर रॉबर्टसनला 'पाय', म्हणजे आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री, खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. पपांनी चिकन पाय संपवला आणि म्हणाले, "आपल्या पॅटिसचा मोठा भाऊ." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "हा तुमचा माएस्त्रो, होता कोण?"

मला हेच हवं होतं. रस्ता लांब होता आणि गोष्टही.

मी सांगायला लागले. खेड्यात खानावळ चालवणाऱ्याचा मुलगा. लहानपणीच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागला. इथे पपांनी माझ्याकडे पाहिलं. जवळच्या गावातल्या एका व्यापाऱ्याने त्याचे गुण ओळखून त्याला मिलानला धाडलं, आणि तिथल्या संगीतशाळेने त्याला प्रवेश नाकारला. वय जास्त, बाहेरगावचा, आणि पियानोवर हात ठेवायची पद्धत चुकीची.

"हात बघून नापास केलं?" पपा उखडलेच. "कान बघायचे ना!"

गोल्बर्नला ती प्रचंड काँक्रीटची मेंढी येते. सगळे थांबतात, आम्हीही थांबलो, फोटो काढला. तिथे पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप विरळ होत जातात. यासपर्यंत माएस्त्रोचं लग्न झालं होतं, त्याच व्यापाऱ्याच्या मुलीशी. आणि मग तो भाग आला जो सांगावा की नाही कळत नव्हतं. मी सांगितला. एक मुलगी गेली, मग मुलगा, दोन्ही तान्ही. मग बायकोही गेली. त्या काळात त्याच्याकडे काम होतं एका विनोदी ऑपेराचं. तो त्याने लिहून पुरा केला आणि पहिल्याच प्रयोगाला लोकांनी आडवा केला.

"मग?"

"मग त्याने ठरवलं, आता लिहायचं नाही."

"बरोबर केलं," पपा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बाउनिंगनंतर हायवे सोडून उजवीकडे वळलो आणि जग एकदम पिवळं झालं. स्प्रिंगमध्ये इथे मोहरीसारखा कनोला फुललेला असतो, क्षितिजापर्यंत. हार्डन, टेमोरा अशी झोपाळू गावं, रुंद रस्ते, मधूनच गुलाबी गालांच्या गला पक्ष्यांचा थवा. टेमोराच्या बेकरीत कॉफी चांगली मिळाली. मी गोष्ट तिथेच सोडली होती, तर पपांनीच खेचली.

"लिहिलं नाही तर आज तुम्ही गाता काय?"

तेव्हा मी पुढचं सांगितलं. थिएटरच्या मालकाने एका बर्फाळ संध्याकाळी जबरदस्तीने एक नवी कथा त्याच्या हातात कोंबली. घरी येऊन याने ती टेबलावर आपटली, ती उघडली, आणि समोर होतं परदेशात कैद झालेल्या लोकांचं गाणं, आपल्या गावाची आठवण काढणारं. झोप उडाली त्याची. तो ऑपेरा असा गाजला की तालमीतच म्हणे स्टेज बांधणारे सुतार हातोडे टाकून ऐकत उभे राहिले.

पपांनी मान डोलावली.

ग्रिफिथला मोटेलं पुष्कळ आहेत, दोघांना रात्रीचे दीडशे डॉलर धरून चला, फक्त वीकेंडला आधी बुक करा. पण गाडीचं दार उघडताच जे झालं त्याला पैसे पडत नाहीत. अख्ख्या हवेत संत्र्याच्या मोहराचा वास. पपा पार्किंगमध्येच उभे राहिले. "तुझ्या आईला आवडलं असतं," असं काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "बॅग घे."

संध्याकाळी कार्लोकाकांकडे गेलो. ऐंशी ओलांडलेले, हातांचे पंजे फावड्यासारखे. जेवणात घरची सलामी, घरचा पास्ता, घरची वाइन. कार्लोकाका पपांना सांगत होते, "माएस्त्रोला लोक विचारायचे, तुम्ही कोण? तो म्हणायचा, शेतकरी! पैसे मिळाल्यावर त्याने जमीन घेतली, झाडं लावली. तो आमच्यातला आहे." पपांचं इंग्रजी जेमतेम, काकांचं तसंच, पण दोघांचं जमलं.

मग शेड बघायला गेलो. मोठी पत्र्याची शेड, खुर्च्या मांडलेल्या, लुईझाचा इलेक्ट्रिक कीबोर्ड जोडून तयार. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. काकांनी ताडपत्री ओढली. पायपेटी! पायांनी हवा भरायचा जुना ऑर्गन. जवळचं छोटं चर्च बंद झालं तेव्हा काकांनी तो युटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, घालून घरी आणला होता.

पपांनी झाकण उघडलं. पट्ट्यांवरची धूळ रुमालाने पुसली, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत. मग झाकण बंद केलं.

"वाजवता?" काकांनी विचारलं.

"वाजवायचो," पपा म्हणाले.

रविवारी दुपारी जेवणं होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग पश्चिमेकडून वारा सुटला, लाल धूळ घेऊन. माणसं यायला लागली होती: काठ्या टेकत, नातवंडांचे हात धरून, लांबच्या मळ्यांतून गाड्या हाकत. शेड भरली, बाहेर उभं राहायची वेळ आली. आणि प्रोग्रॅम सुरू व्हायच्या बेतात वीज गेली. वाऱ्याने कुठेतरी फांदी तारांवर पडली होती. कीबोर्ड मुका.

काकांनी जनरेटर सुरू केला. तो ट्रॅक्टरसारखा बोंबलला, शेजारच्या माणसाचा आवाज ऐकू येईना. बंद करावा लागला.

लुईझाने कीबोर्डची बटणं पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. "साथीशिवाय आम्ही कोसळू. हे सगळे इतक्या लांबून आलेत. आणि मी यांना काय सांगू?"

मी पपांकडे गेले. माझं धैर्य कुठून आलं माहीत नाही. "पपा, तुम्ही सगळ्या प्रॅक्टिस ऐकल्यात. नोटेशन तुम्हाला येतं."

"सेली, मला सांगू नकोस."

"मी सांगत नाही. विचारतेय."

ते बराच वेळ समोरच्या रांगेतल्या एका म्हातारीकडे बघत होते. ती आपल्या मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती, कधी सुरू होतंय याची वाट बघत. पपा उठले. कोटाच्या बाह्या वर केल्या.

पायपेटीच्या पेडलचा एक पट्टा तुटलेला होता. कार्लोकाकांनी गवताचे भारे बांधायच्या दोरीने तो बांधला. मधली एक पट्टी बोलतच नव्हती. पपांनी दोनदा दाबून पाहिली आणि मला म्हणाले, "हिला वगळून वाजवीन. लुईझाला सांग, लय जरा संथ."

शेडची मोठी दारं उघडली तसा उजेड आत आला. पपांचे पाय हलायला लागले. पेटीने आधी दम्याच्या रोग्यासारखा श्वास घेतला, मग सूर धरला. कैद्यांचं ते गाणं सुरुवातीला सगळे एकाच सुरात हळू गातात, जणू प्रत्येक जण स्वतःशीच. आम्ही गायला लागलो. दुसऱ्या ओळीला समोरून आवाज आला. ती म्हातारी गात होती. मग तिच्या शेजारचा. मग अख्खी शेड. ज्यांनी आपला देश तरुणपणी सोडला आणि इथे कालव्याच्या पाण्यावर मळे उभे केले, ती माणसं उभी राहून गात होती. मीही वसई सोडलीये. माझा आवाज कुठे फाटला आणि कुठे जुळला, मला सांगता येणार नाही.

संपल्यावर टाळ्या नाहीत, आरडाओरडा झाला. "पुन्हा!" पुन्हा गायलो. पपांनी मान वर केली नाही, नुसते पाय हलवत राहिले.

शेवटचा आयटम आम्ही गाळायचा ठरवला होता. माएस्त्रोने ऐंशीच्या आसपास असताना लिहिलेल्या विनोदी ऑपेराचा शेवट तो. तरुणपणी विनोदाने तोंडघशी पाडलं, तर म्हातारपणी जाता जाता पुन्हा विनोदच लिहिला त्याने! एक आवाज सुरू करतो, दुसरा त्याच्या मागे धावतो, तिसरा, चौथा, सगळा हसण्याचा गोंधळ. भारी अवघड. लुईझा आभार मानायला पुढे झाली, तेवढ्यात पपा बोलले, मराठीतच. "शेवटचं राहिलं ना?"

"पपा, ते पेटीवर जमणार नाही."

"मी फक्त खालचा सूर धरतो. पडलात तर माझ्यावर पडा."

मी लुईझाला इंग्रजीत सांगितलं. ती हसली आणि हात वर केले. आम्ही गायलो. टेनर एकदा घसरले, पपांनी खालून तो सूर असा दाबून धरला की ते परत वर चढले. शेवटच्या स्वरावर शेडचे पत्रे थरथरले. कार्लोकाका धावत आले आणि पपांच्या दोन्ही गालांवर मुके घेऊन म्हणाले, "ब्राव्हो, माएस्त्रो!" सगळी शेड तेच ओरडायला लागली. माझे पपा घामाने भिजलेले, दाढीवर लाल धूळ, आणि हसत होते. आई गेल्यानंतर मी त्यांचे दात पहिल्यांदाच बघितले.

सोमवारी परतताना कार्लोकाकांनी गाडीच्या डिकीत संत्र्यांची पेटी ठेवली. तुम्ही गेलात तर मळ्यांच्या फाटकाशीच घ्या, दुकानात तो स्वाद नाही. पपा यासपर्यंत झोपले. घरी पोचलो तर अ‍ॅना दारातच. "So, Nana, how was it?"

पपा तिला घेऊन डायनिंग टेबलाशी बसले आणि माएस्त्रोची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. खानावळ, व्यापारी, नापास झालेले हात. बायको गेली तिथे ते थांबले, आणि म्हणाले, "तुझी नानी गेली तशी." मग तिथेच बसून नानीबद्दल सांगत राहिले, कितीतरी वेळ. अ‍ॅना मोडक्यातोडक्या मराठीत प्रश्न विचारत होती. मी किचनमध्ये उभी राहून ऐकत होते.

ट्रिपमधून काय उरलं, असं मला कोणी विचारलं तर दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगीन. मी शिफ्टला निघत होते. पपा फोनवर होते, वसईला, त्यांच्या क्वायरमधल्या मित्राशी.

"नाताळच्या मिस्साला ऑर्गनवर कोण बसतोय?" त्यांनी विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"बरं वाजवतो तो," पपा म्हणाले. "पण त्याला म्हणावं, खुर्ची मोकळी ठेव. मी येतोय."