मावशीचा डावा हात

"थोबाड फोडीन!"

आमची ओळख या वाक्याने झाली, आणि वाक्य संपायच्या आत माझ्या गालावर चपराक बसली होती. मी फिजिओथेरपिस्ट. मावशीचा लुळा पडलेला उजवा हात न विचारता उचलला, एवढाच माझा गुन्हा. डावा हात किती शाबूत आहे हे तपासायची मग गरजच उरली नाही.

पाचूबंदरच्या या मावशीला तुम्ही पाहिलं असतंत, तर तुम्हीही जरा लांबच उभे राहिला असता. जन्मभर तिने धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारला. भाव पाडणाऱ्या एका व्यापाऱ्याला तिने बर्फातला अख्खा रावस हाणला आणि त्याचा दात पाडला, हे बंदरावर अजून चवीने सांगतात. मांजर असो, टीव्हीवरचा पुढारी असो, सगळ्यांना तिचं एकच आश्वासन. लाडात आली तरी तेच म्हणायची, फक्त हात जरा हळू पडायचा.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ती माडीवर होती. खाली जाळी आणि बर्फाच्या पेट्या. जिना असा उभा, की तिला उतरवायचं तर उचलूनच, आणि ते बळ एकट्या मुलाच्या अंगात. सणासुदीला तो तिला पाठीवर घेऊन समुद्र दाखवून आणायचा. त्या दिवसाची ती लहान मुलीसारखी वाट बघायची.

चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांसाठी मी व्हीआरचा चष्मा घेऊन फिरते. तो डोळ्यांवर चढवला की माणूस खाटेवर बसल्या बसल्या काश्मीरला जातो, आणि चहूकडे बघायच्या नादात आखडलेली मानही वळते. मावशीला मी दल सरोवरात नेलं. शिकारेवाल्याचं काम तिला पसंत पडलं नाही. "असं वल्हवतात, मेल्या?" म्हणून तिने हात उगारला, तो थेट माझ्या थर्मासवर. काचा गोळा करताना सून हसली आणि चटकन तोंडावर पदर धरला. तिचा ओठ फुटला होता.

"धक्क्यावर पाय घसरला," ती म्हणाली.

सून सारखी घसरायची. कधी कोपर, कधी डोळा. लिलावातली सासूची जागा आता तीच सांभाळत होती, वर घर आणि सासूचं सगळं. मावशीने भेटायला येणाऱ्या बंदरावरच्या बायांना खोदून खोदून विचारलं होतं. एकीनेही तोंड उघडलं नव्हतं.

सून खाली गेल्यावर मावशीने माझं मनगट धरलं.

"डाक्टरीन, मना काश्मीर नको. मना धक्का दाखव. ह्या चष्म्यात मागचं पन दिसतं ना?"

"चारी बाजूंचं दिसतं. माझा कॅमेराच तसं टिपतो."

"मंग लिलावाच्या टायमाला लाव तुजा कॅमेरा. कोनाला सांगू नको. ही पोरगी एक दिवस मरंल, आन मना सांगतील पाय घसरला."

मी कॅमेरा लिलावाच्या गर्दीत स्टँडवर लावला आणि चहा प्यायला गेले. लोकांना वाटलं, रील बनवतेय.

लिलाव संपल्यावर ते चित्रण घेऊन मी माडीवर आले आणि मावशीला चष्मा चढवला. चष्म्यातलं चित्र माझ्या मोबाईलवरही दिसतं. मावशीने लिलावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जी मान वळवायला मी महिनोन्महिने झगडत होते, ती तिने एका दमात मागे वळवली. जाळ्यांच्या ढिगाआड मुलगा सुनेला केसांना धरून फरफटत होता. ती खाली पडली, मग लाथा. पोटात, पाठीत. लिलावाच्या गोंगाटात तिचा आवाज ऐकूच येत नव्हता. बाजूने टोपल्या घेऊन माणसं जात होती.

"परत लाव," मावशी म्हणाली. तिने ते पुन्हा पाहिलं आणि मुलाला हाक मारली.

तो हसत वर आला. मावशीने त्याला खाटेशी बसवून चष्मा घालायला लावला. "मागं बग," ती म्हणाली. तो इकडे तिकडे बघत राहिला, तेव्हा तिने त्याचे केस मुठीत धरून डोकं मागे फिरवलं. त्याचं हसू थांबलं.

आणि तिचा हात पडला. कानावर, तोंडावर, नाकावर. डोळ्यांवर तो चष्मा, त्यामुळे पुढचा फटका कुठे बसेल हे त्याला कळेना. तो हवेत हात फिरवत होता, नाकातून रक्त ओठांवर येत होतं.

"कुठनं येतंय कलत नाय ना? तिला पन कलत नाय!"

"मावशी, पुरे!" मी ओरडले. सून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती पुढे आली नाही.

त्याने चष्मा ओरबाडून भिंतीवर फेकला आणि आईवर मूठ उगारली.

"मार," मावशी म्हणाली. "घर माज्या नावावर हाय. मार, आन नीघ."

मूठ तशीच राहिली. मग तो धाडधाड जिना उतरून गेला.

सुनेने खालून बर्फ आणला आणि मावशीचा सुजलेला हात त्यात धरून बसली. मी न राहवून विचारलं, "मावशी, आता तुला समुद्रावर कोण नेणार?"

"नाय जानार."

मला रडू आवरेना.

"रडतंस कनाला?" ती म्हणाली. "थोबाड फोडीन."

नव्या चष्म्यातून मी तिला धक्का पुष्कळदा दाखवला. ती आधी मागे वळून बघायची, सून उभी आहे ना, आणि मगच समुद्राकडे. मला तिचा फार लळा लागला होता.

जिवंतपणी ती खाली उतरली नाहीच. गेली त्या सकाळी तिला चादरीत घेऊन लिलावातल्या बाया जिना उतरत होत्या, पुढे सून. वजन सगळं तिच्या खांद्यावर आलं होतं. खालच्या पायरीशी मुलगा उभा होता. त्याने आईला धरायला हात पुढे केले.

"बाजूला हो," सून म्हणाली.

तो झाला.