शेवटच्या बाकावरचे सर

साऱ्या वर्धा जिल्ह्यात आमच्या विज्ञानाच्या सरांइतका ढ विद्यार्थी आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. आंजीच्या शाळेत ते शिक्षक होते, पण बसायचे शेवटच्या बाकावर. धडा एकदा शिकवून झाला, की खडू आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि स्वतः बाकात शिरायचे. बाक सहावीच्या पोरांच्या मापाचा, सरांचा देह भरदार; गुडघे बाहेर आणि पोट आत अडकलेलं, अशा अवस्थेत त्यांचं शिक्षण चाले. शिक्षण कसलं, शेजारच्याला संत्र्याच्या फोडी देणं, गप्पा छाटणं, करंगळी दाखवून बाहेर जायची परवानगी मागणं. खडू हातात असलेल्या पोराला ते 'गुरुजी' म्हणत, पोरीला 'बाई'. आणि घडोघडी हात वर. "बाई, मले नाई समजलं. पुन्हा सांगा."

एकदा खडू माझ्या हातात आला. मी तोतरं बोलायचे. घरी पाहुणे आले की मागच्या दारानं पळायचे, आणि शाळेत वाचायला उभं केलं की पोरं आधीच हसू लागायची. धडा होता बी कसं रुजतं याचा. 'पाणी' म्हणतानाच गाडी अडली. वर्ग हसला. सर मात्र गंभीर. "हसू नका रे, मले ऐकू नाई येऊन राह्यलं. बाई, पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. बीला आधी मूळ फुटतं की पान, एवढी साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी मला इतका राग आला, की तोतरेपणा विसरून मी ओरडले, "सर, बाहेर उभे राहा!"

गेले की मुकाट्यानं! व्हरांड्यात कान धरून उभे. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक फेरीवर.

"काऊन जी सर, बाहेर काऊन उभे?"

"अभ्यास नाई केला जी. बाईनं काढलं."

ही हकिगत त्यांनी घरी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, इतक्यांदा ऐकवली, की पुढं काकूही मला 'बाई'च म्हणू लागल्या. वर्ष संपेपर्यंत सरांना काही म्हणजे काही समजलं नाही, आणि मला बोलता येऊ लागलं. आज मी सिंदी मेघेच्या एका शाळेत शिकवते. अजूनही अडते, पण पळत नाही. हे उपकार कशानं फिटायचे?

गेल्या महिन्यात सर गेले. शोकसभेत माझं नाव पुकारलं. माईकसमोर उभी राहिले आणि 'सर' म्हणतानाच जीभ अडली. या वेळी कुणी हसलं नाही, आणि ती शांतता मला हसण्याहून जड गेली. खाली उतरायला वळले, तेवढ्यात पुढं बसलेल्या काकूंनी हात वर केला. रडून रडून डोळे सुजलेले.

"बाई," त्या म्हणाल्या, "मले नाई समजलं. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं, अगदी पहिल्यापासून. बोलताना सारखी शेवटच्या रांगेकडे पाहत होते. तिथून मात्र कुणी हात वर केला नाही.