शेवटचं प्रकरण आणि दोन गाइड

जॉइंट पीएच.डी. म्हणजे एका सुनेला दोन सासवा. माझ्या वाट्याला व्यवस्थापनाचे सर आणि समाजशास्त्राच्या मॅडम आल्या. विषय आमच्या जुईनगरातलाच होता: हाउसिंग सोसायट्यांच्या वार्षिक सभा. वरच्या मजल्याच्या गळतीवरून सुशिक्षित माणसं कशी एकमेकांच्या अंगावर जातात, हे मी चार वर्षं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून रेकॉर्ड केलं.

घोडं अडलं शेवटच्या प्रकरणात. सर म्हणायचे, "उपाय कुठे आहेत? उपायांशिवाय मॅनेजमेंट कसलं?" उपाय लिहिले की मॅडम लाल पेनने खोडायच्या. "आपण समाज समजून घ्यायचा. दुरुस्त करायला आपण प्लंबर नाही." दोघांच्या सह्यांशिवाय प्रबंध जमा होणार नव्हता आणि त्याशिवाय कॉलेजातली माझी तात्पुरती नोकरी दिवाळीनंतर टिकणार नव्हती. दोघं एकमेकांशी बोलत नसत. निरोप्या मीच.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," आई म्हणाली. ती साताऱ्याकडची. "दोघांस्नी गणपतीला जेवाय बोलीव. तोंडात मोदक असला की मानूस न्हाई म्हनत न्हाई."

आले दोघं. शेजारी शेजारी बसले आणि आपापल्या आमटीकडे बघत राहिले. शेवटी आईनेच विचारलं, "गाव कंचं म्हनायचं तुमचं?" एकाच तालुक्यातले निघाले! दुसरा मोदक संपेपर्यंत सरांची मावसबहीण मॅडमच्या चुलतभावाला दिलेली निघाली. मी चार वर्षं दोन ज्ञानशाखा जोडत होते, आणि इथे सोयरीक कधीच होऊन गेली होती.

हात धुवायच्या आत दोघांनी मिळून शोधनिबंध लिहायचं ठरवलंसुद्धा. माझ्या रेकॉर्डिंगवर. "तुझे आभार मानूच हं," मॅडम मायेने म्हणाल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण इतक्या सभा काय फुकट ऐकल्या होत्या? थकबाकी चुकती केल्याशिवाय सोसायटी एनओसी देत नाही.

"देते ना रेकॉर्डिंग," मी म्हटलं. "आधी तेवढ्या सह्या."

आतल्या खोलीत प्रबंधाच्या दोन प्रती होत्या, एक उपायांची आणि एक बिनउपायांची. हाताला लागली ती बाहेर आणली. सरांनी सही केली, मॅडमनी त्यांचंच पेन घेऊन केली. कुठली प्रत, हे कुणी विचारलं नाही. ज्या प्रकरणापायी माझे केस पिकले, त्याचं एक पान कुणी उलटलं नाही. मग दोघं एकाच रिक्षाने गेले.

मी ती प्रत मांडीवर घेऊन गणपतीसमोर बसले आणि मला रडू आवरेना.

"आगं, झालं न्हवं काम?" आई खरकटं काढता काढता थांबली. "मग रडतीस कशाला?"

"कुणी वाचलंच नाही गं."

आई पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. "वाच. मी ऐकती."

मी वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर ती घोरायला लागली.