तपासले, बरोबर आहे

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे दहामिनिटे म्हणायचे, आडनाव असल्यासारखं. मी तिथली टेलिफोन ऑपरेटर. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून, त्यामुळे एकवीस वर्षं त्यांचं पुटपुटणं ऐकणं माझ्या नशिबी आलं.

कंपनी मालवाहतुकीची, गोदामं सात. प्रत्येक गोदामात एक राउटर. हे राउटर एकमेकांना सारखे कळवत असतात, की अमक्या ठिकाणी जायचं तर माझ्याकडून वाट आहे. राउटरने कुठल्या पोर्टवर, म्हणजे तार लावायच्या खाचेवर, बोलायचं आणि कुठल्या पोर्टवर तोंड मिटून बसायचं, हे दहामिनिटे इथे बसून ठरवायचे. पण काहीही बदलण्याआधी त्या लांबच्या राउटरला पहिला हुकूम ठरलेला: दहा मिनिटांनी स्वतःच बंद हो आणि जुन्या सेटिंगवर पुन्हा उठ. मग बदल करायचा, शेजारचे राउटर दिसतात का ते स्क्रीनवर बोट ठेवून तीनदा मोजायचं, आणि सगळं ठीक असेल तरच तो हुकूम रद्द, नाहीतर राउटर आपला जुन्यावर परत. शेवटी वहीत 'तपासले, बरोबर आहे'. घरी गॅस बंद केल्यावरही असंच लिहितात का हो, असं मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "लिहीत नाहीत, पण अर्ध्या जिन्यातून परत येतात."

यंदा ते निवृत्त व्हायचे होते. एक वर्षाची मुदतवाढ मिळाली असती तर मुलीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष निभावलं असतं. अर्ज नव्या साहेबांकडे होता. साहेब म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"दहा दहा मिनिटं काय फुकट घालवता?" एका सकाळी ते म्हणाले. "सरका. सातव्या गोदामाचं मीच करून दाखवतो."

दहामिनिटे उठले. उठता उठता दोन बोटांनी त्यांनी आपला नेहमीचा हुकूम टाइप केला. साहेब मोबाइलमध्ये होते.

मग साहेबांनी एका फटक्यात सगळ्या पोर्टना गप्प बसवलं. बोलायचं पोर्ट त्यातून वगळायला विसरले! ज्या वाटेने आत शिरले तीच बंद. सातवं गोदाम गायब. माझ्या फोनवर गोदामवाला बोंबलायला लागला, गेटवर बावीस ट्रक खोळंबले होते. तिथे पोचायला गाडीने पाच तास. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"थोडं थांबू या," दहामिनिटे म्हणाले, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. साहेबांना नवीन सेटिंग कायम करायला वेळच मिळाला नव्हता, त्यामुळे दहामिनिटेंच्या हुकमाप्रमाणे राउटर बंद झाला आणि मुकाट जुन्यावर उठला.

"बघितलंत? आपोआप आलं!" साहेब म्हणाले.

आपोआप म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आठवड्याने साहेबांचा अहवाल तयार झाला. सातव्या गोदामाचा संपर्क तुटला, पण कोणीही तिथे न जाता दहा मिनिटांत यंत्रणा स्वतःच सावरली. सबब वेगळ्या तंत्रज्ञाची गरज नाही, मुदतवाढ नामंजूर. आणि तांत्रिक कागद दहामिनिटेंनी तपासल्याशिवाय वर जात नाही, हा नियमच. आला की तो त्यांच्याच टेबलावर!

"अहो, एक ओळ लिहा," मी म्हटलं. "हुकूम मी दिला होता, एवढंच. हात जोडते."

"यात खोटं काय आहे? कोणी गेलं नाही. राउटर स्वतःच उठला."

"का उठला?"

"ते यात लिहिलेलंच नाही. मग चूक कशी काढू?"

बोट ठेवून तीनदा वाचलं. एक चूक सापडली. 'दहा' खोडून त्यांनी 'तेरा' केलं, कारण उठायला तीन मिनिटं लागतात. खाली लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', आणि सही. मला रडूच आलं, आणि रागही. भल्या माणसा, स्वतःच्या हाताने?

फाइल माझ्याकडे देऊन ते निघाले. दारापर्यंत गेले, थबकले आणि परत आले. सुचली बाई अक्कल, म्हणून मी घाईघाईने फाइल उघडून पुढे केली.

त्यांनी सहीखाली तारीख घातली.