बसलेल्याचा वाटा

शेषराव काकांनी मरायलासुद्धा सुट्टी घेतली नाही.

आज महिना झाला. अर्धापूरच्या शिवारात केळीची गाडी भरता भरता गेले.

काका लोडिंगच्या टोळीचे मुकादम. दहा-बारा माणसं. घड कापायचे, खांद्यावरून बांधापर्यंत आणायचे, ट्रकात थर लावायचे.
मी या टोळीला शेतावर नेणारा-आणणारा पिकअपवाला.

या कामात पीएफ नाही, विमा नाही, आजारपणाची रजा नाही. शेत रोज वेगळं, व्यापारी रोज वेगळा.

एकदा मीच काकांना नांदेडला नेलं होतं, कामगार कार्डाच्या कॅम्पला.
टेबलावरच्या पोरीनं विचारलं, "मालकाचं नाव?"
"कालच्या मालकाचं सांगू का उद्याच्या?"
ती हसली. आम्हीही हसलो. कार्ड काही झालं नाही.

म्हणून काकांनी टोळीपुरता स्वतःचा कायदा केला होता.
संध्याकाळी मजुरी वाटताना पहिला वाटा बाजूला निघायचा, त्या दिवशी कामावर येऊ न शकलेल्यासाठी. कुणी तापानं पडलेला, कुणाचा पाय मुरगळलेला. तो घरी बसून, म्हणून त्या वाट्याचं नाव बसलेल्याचा वाटा.

"आधी बसलेल्याचा, मग उभ्यांचा." असं म्हणूनच काका वाटप सुरू करायचे.

माझा हात मोडला तेव्हा माझं घर त्या वाट्यावरच चाललं. कुणी उपकार केल्याचं तोंड केलं नाही.

दिवाळीनंतर काकांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरनं रेस्ट सांगितली.
दुसऱ्या दिवशी पहाटे काका पिकअपपाशी हजर.

"काका, घरी बसा की. वाटा येईल ना तुमचा."
"मी बसून खाऊ अन् पोरायनं माझं ओझं उचलावं? लई बोलून राहिलास. गाडी काढ."

मी गाडी काढली.

सगळ्यांना लावलेला नियम या माणसानं स्वतःला लावला नाही. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. आणि आयुष्यभर ओझं वाहणाऱ्याला आजारी पडायचीही सोय न ठेवणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

तेरवीपर्यंत टोळी बंद होती. नंतरच्या पहिल्या दिवशी वाटपाची वेळ आली.
मग नव्या मुकादमानं, गणेशनं, पहिला वाटा बाजूला काढला.

"आज कोण बसलंय?" मागून कुणीतरी विचारलं.
"काकी."

तो वाटा मीच काकींकडे घेऊन गेलो. वाटलं, याही नवऱ्यासारख्याच, परत पाठवणार. त्यांना काय म्हणायचं ते रस्ताभर जुळवत होतो.

काकींनी दोन्ही हात पुढे केले आणि वाटा घेतला.

"ह्यांनी बी घ्यायला पाहिजे व्हता," म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका, तुमचा नियम चालू आहे.
आता तरी निवांत बसा.

सगळ्या टोळीचा तुम्हाला रामराम.