तिवाट्यावरचा दहीभात

कडूबाईसारखी झोप आमच्या वस्तीत कुणालाच नव्हती. जात्याचा खुंटा हातात धरून बसल्या बसल्या डुलकी काढणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. नवरा पुंजाराम तिला चिडवायचा, "हिला बाजंसकट उचलून पारनेरच्या बाजारात ठिवली तरी हिला कळायचं न्हाई." ती हसायची आणि कूस बदलून परत घोरायची. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना होती.

बहात्तरच्या दुष्काळात ती झोप गेली. मी त्यांची शेजारीण. आम्ही दोघी रस्त्याच्या कामावर एकाच टोळीत खडी फोडायचो. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, तिची भाकरी आणि वर तिखट-मीठ. भाजी म्हणून नुसतं नाव घ्यायचं. महिनोन्महिने हेच चाललं. कडूबाईची आधी बोटं सुजली, मग गुडघे सुजले. रात्रभर ठणका लागायचा आणि सकाळी हातोडी धरायला मूठ मिटायची नाही. "झोप कशी असती त्येच इसारले गं मी," असं ती एकदा बोलून गेली. हे कडूबाईनं म्हणावं!

आता आमच्या वस्तीचं शहाणपण ऐका. झोप उडाली म्हणजे बाहेरची बाधा, यावर सगळ्यांचं एकमत. सूर्यभान देवऋष्यानं तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि सांगितलं, दर शनिवारी दिवेलागणीला हिच्यावरून दहीभात आणि अंडं उतरवा, तिवाट्यावर ठेवा आणि मागं न बघता घरी या.

पुंजारामनं ते जिवापाड पाळलं. वस्तीतले मोठे जमीनदार आबासाहेब, त्यांच्या गोठ्यातलं शेण काढून तो वाटीभर दही आणायचा. सणासाठी राखलेले तांदूळ कुणीतरी मूठभर काढून द्यायचं. अंडं माझ्या कोंबडीचं. बायकोला खायला अंडं द्या म्हणून तो दारात आला असता, तर अख्खी वस्ती त्याला हसली असती. उताऱ्याला मात्र कुणी नाही म्हणत नाही. मग तो तिला उंबऱ्यात बसवायचा, ती केळीच्या पानावरची सामग्री तिच्या तोंडावरून फिरवायचा आणि तिवाट्याकडे चालू लागायचा. कडूबाईची नजर त्या पांढऱ्याशुभ्र भातावरून हलायची नाही. तो वळणाआड गेला की ती आत जाऊन मिलोची भाकरी तिखटाला लावून खायची. तिवाट्यावर कुत्री माजली होती.

पुढे एकदा कामावर जीपमधून डॉक्टर आले. त्यांनी कडूबाईची बोटं दाबून पाहिली. काय खाता, झोप लागते का, सगळं नीट विचारलं. मग तिथंच माती वाहणाऱ्या पुंजारामला म्हणाले, "सुजेचा ठणका झोप मोडतो, आणि झोप मोडली की सूज आणखी बळावते. त्यात अंगात कस राहिलेला नाही. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. डाळ, पालेभाजी, दही, अंडं, जे मिळेल ते यांच्या पोटात जाऊ द्या."

पुंजाराम माझ्याकडे वळला. "दही आन् अंडं? वैनी, त्ये तर मी दर शनवारी कुत्र्यास्नी घालत हुतो." एवढा बाप्या माणूस, पण सगळ्या टोळीदेखत ढसाढसा रडला.

त्या शनिवारी त्यानं दहीभात कालवला तो तिला भरवायला. तिनं पदर तोंडावर धरला. "उताऱ्याचं मी खाऊ व्हय? ज्ये अंगातनं गेलंय त्ये परत यील." त्यानं स्वतः एक घास खाऊन दाखवला, तिच्या पायाला हात लावला, तेव्हा कुठं तिनं पदर काढला. दोन घास खाल्ले. "लई ग्वाड लागतंय," म्हणाली. तिसरा घास काही घेतला नाही, भीतीच तेवढी बसली होती. "फुडच्या शनवारी खाईन की," असं म्हणून तिनं त्याची समजूत घातली.

पुढचा शनिवार आलाच नाही. तिला ताप भरला, छाती भरून आली. अंगात लढायला काही उरलंच नव्हतं. जाताना तिचे डोळे टक्क उघडे होते. ते पुंजारामनं मिटले आणि तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला, "नीज आता." मला तिथं उभं राहवेना.

दहाव्याला ओढ्याच्या काठावर पिंड मांडला. शेजारी दहीभाताचं पान ठेवून आम्ही लांब उभे राहिलो. एरवी कावळ्याची किती वाट बघावी लागते, किती विनवण्या कराव्या लागतात. त्या दिवशी कावळा लगेच उतरला. माणसं म्हणाली, बरं झालं, बाईची काही इच्छा राहिली नाही. मला त्यांचा असा राग आला म्हणता!

पुंजाराम त्या पानाकडेच बघत होता. कावळा भाताचा घास घेऊन उडाला.

"वैनी," तो म्हणाला, "आजबी तिला न्हाईच मिळालं."